आपले सांडपाणी, खालच्या गावाचे पिण्याचे पाणी : नदी राखण्याच्या विद्येची गोष्ट



"डॉक्टर, आमच्या घरी आरओ आहे, बाहेरचं काही खात नाही, मग कावीळ झाली कशी?" पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. प्रश्न रास्त आहे. पण घरातले पिण्याचे पाणी शुद्ध केले म्हणजे पाण्याशी असलेला आपला संबंध संपत नाही. कोथिंबीर धुतली जाते, लग्नात मठ्ठा होतो, टपरीवर बर्फ येतो, नदीवर आंघोळ होते. या सगळ्या पाण्याचे मूळ शोधत गेले की आपण शेवटी नदीपाशी येतो. म्हणून आज औषधांविषयी न लिहिता नदीविषयी लिहितो. शहराच्या कडेला, वासाच्या भीतीने आपण जिकडे फिरकत नाही, ते सांडपाणी प्रक्रिया केंद्र आपल्या आरोग्यासाठी काय करते आणि ही विद्या माणसाने कशी मिळवली, ते पाहू.

नदीच्या पाण्याने वसलेले शहर

चंद्रपूरच्या जन्माची आख्यायिका तुम्ही लहानपणी ऐकली असेल. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाहाच्या अंगावर गाठी आणि फोड होते. राजधानी बल्लारपूरला होती. शिकारीला गेला असता तहान लागली आणि झरपटीच्या कोरड्या पात्रात त्याला एक पाण्याचा खळगा दिसला. तो पाणी प्याला, हातपाय धुतले आणि कितीतरी दिवसांनी त्या रात्री त्याला शांत झोप लागली. शहाण्या राणीने ती जागा पुन्हा शोधायला लावली. राजाने तिथे स्नान केले, व्याधी गेली. तिथेच अचलेश्वराचे देऊळ झाले आणि नवे शहर वसले. इंग्रज अधिकारी ल्युसी स्मिथ यांनी १८६९ च्या सुमारास चांदा जिल्ह्याचा जमीन महसुलाचा अहवाल लिहिला, त्यातही ही कथा आली आहे.

आख्यायिकेला वैद्यकीय पुरावा मी मानत नाही. पण आपले शहर नदीच्या पाण्याने बरे वाटल्यामुळे वसले, अशी आठवण आपल्या पूर्वजांनी जपली, हे मला महत्त्वाचे वाटते. आज त्याच झरपटीच्या काठी चैत्रात महाकालीची यात्रा भरते. मराठवाड्यातून हजारो भाविक येतात आणि नदीत स्नान करतात. त्या वेळी उन्हाळा असतो आणि झरपटीला स्वतःचे पाणी जेमतेम असते. मग पात्रात जे वाहते ते बव्हंशी शहराचे सांडपाणी असते.

वरून घेतो, खाली सोडतो

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. चंद्रपूरचे पिण्याचे पाणी उत्तरेकडून, ताडोबाच्या शेजारच्या इरई धरणातून येते. वापरून झाले की ते नाल्यांनी झरपट आणि इरईत जाते. झरपट इरईला मिळते, इरई हडस्तीजवळ वर्धा नदीला मिळते आणि वर्धा बल्लारपूरच्या किल्ल्याला लागून पुढे जाते.

दुसरीकडे नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि गोसेखुर्दच्या जलाशयात येते. तीच वैनगंगा पुढे गडचिरोली जिल्ह्याच्या कडेने मार्कंडा देवस्थानावरून दक्षिणेकडे जाते. शेवटी वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते.

म्हणजे नागपूरकर जे सोडतात ते गडचिरोलीकराच्या वाट्याला येते आणि चंद्रपूरकर जे सोडतो ते बल्लारपूर आणि खालच्या गावांच्या वाट्याला. नदीकाठी राहणारा प्रत्येक माणूस कुणाच्या तरी खालच्या अंगाला असतो आणि कुणाच्या तरी वरच्या अंगाला. ढिवर बांधवांचे पोट तर या पाण्यावरच आहे. नदीत मासा उरला नाही तर त्यांच्या घरातली मुले आधी कुपोषित होतात, मग आजारी पडतात.

नदी गुदमरते म्हणजे काय?

आपल्यासारखाच नदीलाही प्राणवायू लागतो. पाण्यात विरघळलेल्या या प्राणवायूवर मासे, शिंपले आणि बहुतेक जलचर जगतात. स्वच्छ पाण्यात २० अंश तापमानाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास उरतो. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा आपल्या नद्यांकडे मुळातच शिल्लक कमी असते.

अशा पाण्यात मैला, खरकटे, साबण असे सेंद्रिय पदार्थ पडले की जिवाणू ते खायला लागतात आणि खाताना प्राणवायू वापरतात. किती प्राणवायू लागेल, याचे मोजमाप म्हणजे 'बीओडी', अर्थात जैविक प्राणवायू मागणी. रक्तातली साखर मोजावी तशी ही नदीची तपासणी आहे. शहरी सांडपाण्यात ती लिटरमागे साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम असते. आंघोळीच्या नदीत ती ३ च्या वर नसावी आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ असावा, असे आपल्याकडचे मानक आहे. मागणी २००, शिल्लक ७! नदी गुदमरते ती अशी. मग पाणी काळे पडते, सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि मासे मरतात.

वासाचा त्रास दिसतो, पण रोगजंतू दिसत नाहीत. मैल्याबरोबर विषमज्वराचे, पटकीचे आणि हगवणीचे जंतू, कावीळ 'अ' आणि 'इ' चे विषाणू, जंतांची अंडी पाण्यात जातात. ओपीडीत मी ज्यांच्याशी लढतो त्यातले निम्मे शत्रू असे नाल्यातून आलेले असतात.

लंडनने मोजलेली किंमत

पटकीचे मूळ पाण्यात आहे, हे दीडशे वर्षांपूर्वी डॉक्टरांनाही पटत नव्हते. रोग दुर्गंधीतून होतो, असा समज होता. लंडनचे डॉक्टर जॉन स्नो यांनी १८५४ च्या साथीत घरोघरच्या पाण्याचा हिशेब मांडला. दोन कंपन्या एकाच भागात, कधी एकाच गल्लीत पाणी पुरवत होत्या. एक कंपनी शहराच्या घाणीने भरलेल्या थेम्समधून पाणी घेई. दुसरीने १८५२ साली आपला पाण्याचा उपसा शहराच्या वरच्या अंगाला हलवला होता. पहिल्या कंपनीच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू झाले, दुसरीच्या ३७. हवा तीच, वस्ती तीच, फरक फक्त पाण्याचा. माझ्या मते सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातला हा सर्वांत बोलका आकडा आहे.

१८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी थेट संसद भवनात शिरली, तेव्हा सरकार हलले. अभियंता जोसेफ बॅझलजेट यांनी प्रचंड भुयारी गटारे बांधली आणि शहराचा मैला पूर्वेला, खालच्या अंगाला नेऊन सोडला. लंडनची पटकी गेली. पण तो मैला प्रक्रियेविना नदीतच पडत होता. १८७८ साली नेमके त्या भागात एक प्रवासी बोट बुडाली आणि ६०० हून अधिक माणसे दगावली. ती ज्या पाण्यात पडली ते किती घाण होते, यावर मोठी ओरड झाली. धडा सरळ आहे : नुसती गटारे बांधली की रोग आपल्या दारातून उठतो आणि शेजाऱ्याच्या दारात बसतो. गटाराच्या शेवटाला प्रक्रिया हवीच.

माटुंग्याचे दिवे आणि मँचेस्टरचे विरजण

प्रक्रिया करायची कशी? उत्तर निसर्गातच होते. जे जिवाणू नदीत घाण खातात, त्यांना टाकीत पाळायचे आणि तिथेच खाऊ घालायचे. इंग्लंडमधील एक्झेटरला डोनाल्ड कॅमरून यांनी १८९५ साली बंद टाकी बांधली, तिला 'सेप्टिक टँक' हे नाव दिले आणि तिच्यातल्या वायूवर दिवेही लावले.

यानंतर दोनच वर्षांत, १८९७ साली, मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्याच्या टाक्यांवर वायू गोळा करण्याची सोय झाली. पुढे त्या वायूवर इंजिनही चालवले गेले. हा आश्रम १८९० साली सुरू झाला तो मुंबईचे महापालिका आयुक्त अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापणारे अ‍ॅकवर्थ ते हेच. समाजाने ज्यांना बाहेर काढले, त्यांच्या वस्तीत देशातले हे पहिल्या काही प्रयोगांपैकी एक काम झाले. आनंदवन ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्यातल्या वाचकांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

पुढचे मोठे पाऊल मँचेस्टरला १९१४ साली पडले. आर्डर्न आणि लॉकेट हे दोघे सांडपाण्यात हवा सोडून पाहत होते. पहिल्या वेळी पाणी पूर्ण निवळायला पाच आठवडे लागले. मग त्यांनी वरचे स्वच्छ पाणी काढून तळाचा गाळ तसाच ठेवला आणि त्यावर नवे सांडपाणी ओतले. प्रत्येक खेपेला वेळ कमी होत गेला. शेवटी तेच काम २४ तासांच्या आत होऊ लागले.

आपल्या घरातल्या बायकांना यात नवल वाटणार नाही. हे विरजणच आहे! कालचे थोडे दही आजच्या दुधाला लावावे, तसा कालचा जिवाणूंनी भरलेला गाळ आजच्या सांडपाण्याला लावायचा. आज जगभरातली असंख्य केंद्रे याच तत्त्वावर चालतात. या दोघांना मार्गदर्शन करणारे गिल्बर्ट फाउलर १९१६ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले आणि ही विद्या लवकरच भारतात पोहोचली.

केंद्रात नेमके काय घडते?

प्रक्रिया केंद्राला मी शहराचे मूत्रपिंड म्हणतो. क्रम साधारण असा असतो :

१. जाळी : चिंध्या, प्लास्टिक, सॅनिटरी पॅड, काड्या अडवल्या जातात.
२. रेतीची टाकी : पाण्याचा वेग कमी केला की रेती, खडे तळाशी बसतात.
३. हवेची टाकी : खालून हवेचे बुडबुडे सोडतात. विरजणाचे जिवाणू विरघळलेली घाण खातात. सगळ्यात जास्त वीज इथे लागते.
४. निवळण्याची टाकी : जिवाणूंचा गाळ खाली बसतो. थोडा परत हवेच्या टाकीत जातो, उरलेला वेगळा काढतात.
५. निर्जंतुकीकरण : क्लोरीन किंवा अतिनील किरणांनी उरलेले जंतू मारतात.
६. गाळावर प्रक्रिया : तो कुजवून, सुकवून त्याची विल्हेवाट लावतात. काही ठिकाणी त्यातून वायूही मिळतो.

चांगल्या चाललेल्या केंद्रात बीओडी २०० वरून ३० च्या खाली, आधुनिक केंद्रात १० पर्यंत उतरते. ही मर्यादा ठरवण्यामागेही इतिहास आहे. ब्रिटिश आयोगाने १९१२ साली २० ची मर्यादा सुचवली, तेव्हा सोडलेल्या पाण्यात नदीचे किमान आठपट स्वच्छ पाणी मिसळेल, हे गृहीत धरले होते. एप्रिल-मे महिन्यात झरपटीत ते आठपट पाणी कुठून आणायचे? म्हणून आपल्यासारख्या उन्हाळी नद्यांना अधिक कडक प्रक्रिया हवी.

दिल्ली, १९५५ : नदी उलटी फिरली तेव्हा

"नळाच्या पाण्यात क्लोरीन टाकतातच ना, मग नदी कशीही असली तर काय बिघडते?" असे काही जण विचारतात. याचे उत्तर दिल्लीने दिले आहे.

१९५५ च्या पावसाळ्याअखेर यमुनेला पूर आला. पूर ओसरल्यावर नदीचा प्रवाह सरकला आणि नजफगड नाल्याचे मैलापाणी मागे फिरून वजिराबादच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत आले. जलशुद्धीकरणात क्लोरीनची मात्रा वाढवली गेली. त्यामुळे विषमज्वर आणि हगवण फारशी वाढली नाही. पण डिसेंबर आणि जानेवारीत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. जिवाणू मेले, विषाणू त्या मात्रेतून निसटला. पुढे १९८० च्या सुमारास जुने साठवलेले रक्तनमुने तपासले, तेव्हा ती कावीळ 'अ' ही नव्हती आणि 'ब' ही नव्हती, असे दिसले. आज आपण तिला कावीळ 'इ' म्हणतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार जीवघेणा ठरू शकतो. दिल्लीतही गर्भवतींना त्याचा सर्वाधिक फटका बसला.

चंद्रपूरच्या वाचकांनी हे दुसऱ्यांदा वाचावे. २००६, २०१३ आणि २०२२ साली आपण काय पाहिले? वर्धा फुगली की इरईचे पाणी पुढे सरकत नाही, ते मागे दाबले जाते आणि रहमतनगर, पठाणपुरा, बिनबा गेट या भागांत शिरते. नाल्यांचे पाणीही त्याबरोबर परत येते. पूर म्हणजे आपण नदीला दिलेले नदीने घरपोच परत करणे. नदीत मैला कमी असेल, तर परत येणाराही कमी असेल. शुद्धीकरण केंद्र हा शेवटचा दरवाजा आहे. पहिला दरवाजा सांडपाणी केंद्राचा. घराला दोन्ही हवेत.

कायदे आले, काम अर्धवट राहिले

या बाबतीत महाराष्ट्र मागे नव्हता. केंद्राचा जलप्रदूषण कायदा १९७४ चा, पण महाराष्ट्राने १९६९ सालीच स्वतःचा कायदा केला आणि १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापले. नागपुरात १९५८ साली केंद्र सरकारची सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था सुरू झाली. तीच आजची 'नीरी'.

तरीही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशाच्या शहरांत रोज सुमारे ७२,००० दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते ती सुमारे २०,००० वर. याच मंडळाने २०१८ साली देशात ३५१ प्रदूषित नदीपट्टे मोजले. त्यातले ५३ महाराष्ट्रात होते, सर्व राज्यांत अधिक.

चंद्रपुरातही भुयारी गटार योजना आली, पठाणपुरा आणि रहमतनगर भागात केंद्रे झाली. पण केंद्र बांधणे म्हणजे सलाईनचा स्टँड आणून ठेवणे. बाटली, नळी आणि शीर जोडली तरच रुग्णाला फायदा. घराघरातले सांडपाणी गटारवाहिनीला जोडलेले नसेल, वीज बंद असेल, गाळ वेळेवर काढला नसेल, तर इमारत उभी राहते आणि नदी तशीच राहते.

नागपूरचे एक उदाहरण उमेद वाढवणारे आहे. तिथे भांडेवाडीला १३० दशलक्ष लिटर सांडपाण्यावर रोज प्रक्रिया करून ते पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला देण्याची व्यवस्था झाली. जितके सांडपाणी वीज केंद्राने वापरले, तितके धरणाचे ताजे पाणी वाचले आणि तितकी घाण नाग नदीत जायची थांबली. आपल्या गावाशेजारीही मोठे वीज केंद्र आहे आणि तेही इरईच्याच पाण्यावर चालते. यातून काय सुचते, ते वाचकांनी ठरवावे.

केंद्र काय करू शकत नाही?

हेही स्पष्ट सांगायला हवे. शहरी सांडपाणी केंद्र मैल्यासाठी असते. कारखाने आणि खाणींचे पाणी, जड धातू, रसायने यांच्यावर ते उपाय नाही. त्यासाठी जिथे उत्पन्न होते तिथेच वेगळी प्रक्रिया लागते. २००९ साली केंद्रीय मंडळाच्या पाहणीत चंद्रपूर देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत आले, तो प्रश्न वेगळा आहे. तसेच साध्या केंद्रातून नत्र आणि स्फुरद पुरते जात नाहीत. तळ्यावर इकॉर्नियाची हिरवी चादर दिसते, ती या खतावर पोसलेली असते. आणि केंद्रातून निघालेले पाणी पिण्याचे नसते. उद्याने, बांधकाम, उद्योग यांसाठी ते चांगले.

तुम्ही काय करू शकता?

- तुमच्या गल्लीत भुयारी गटार आले असेल तर घराची जोडणी करून घ्या. संडासाचा पाइप पावसाच्या नालीत सोडू नका.
- गडचिरोली, चामोर्शी, आरमोरी, अहेरी अशा लहान शहरांत बहुतेक घरांचा आधार सेप्टिक टँक आहे. तो दर दोन-तीन वर्षांनी उपसा. मात्र उपसणाऱ्या टँकरवाल्याला विचारा, "गाळ कुठे टाकणार?" नाल्यात किंवा जंगलात टाकला तर तुमचा टँक रिकामा होतो आणि कुणाची तरी विहीर भरते.
- टाकीत माणूस कधीही उतरवू नका. आतल्या वायूने क्षणात जीव जातो आणि असे काम करून घेणे कायद्याने गुन्हा आहे.
- विहीर किंवा बोअर आणि शोषखड्डा यांत जितके अंतर ठेवता येईल तितके ठेवा.
- संडासात पॅड, डायपर, औषधे, तळणीचे तेल टाकू नका. उरलेली अँटिबायोटिक्स तर अजिबात नाही. केंद्र त्यांना पुरते थांबवू शकत नाही आणि नदीतले जंतू औषधांना निगरगट्ट होतात.
- पुरानंतर किमान महिनाभर पाणी उकळून प्या. उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकून घ्या. घरात गर्भवती असेल आणि डोळे किंवा लघवी पिवळी दिसली तर झाडपाल्यात दिवस घालवू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.
- यात्रेत नदीस्नान केले तर पाणी तोंडात घेऊ नका, लहान मुलांना डोके बुडवू देऊ नका आणि नंतर स्वच्छ पाण्याने अंग धुवा. अंगावर जखम असेल तर हातपाय धुण्यावर भागवा.
- निवडणुकीत रस्ता आणि दिवे मागताना एक प्रश्न वाढवा : "आपले प्रक्रिया केंद्र काल किती पाण्यावर चालले आणि बाहेर पडलेल्या पाण्याची बीओडी किती होती?" हा आकडा रोज मोजता येतो. तो फलकावर लिहायला फार पैसे लागत नाहीत.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. आरओ तुमच्या घरातल्या चार माणसांचे रक्षण करतो आणि तेही फक्त त्या नळाशी. प्रक्रिया केंद्र तुम्ही कधी न पाहिलेल्या, खालच्या गावातल्या बाळंतिणीचे रक्षण करते. आणि वरच्या गावाचे केंद्र तुमच्या घरातल्या बाळंतिणीचे.